गॅलनमागे चार मैल

विल्फ बॅराक्लफने पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधला
त्या रविवारी हॅलिफॅक्सभर धुकं होतं
आणि बॉनेटखाली फक्त कंबरेखालचा विल्फ दिसत होता.

दोन काळ्या वड्या, निळ्या प्लास्टिकच्या खोक्यात,
एकोणचाळीस पौंड नव्व्याण्णव पेन्स.
खोक्यावर लिहिलेलं : इंधनाचे रेणू एका रांगेत उभे राहतात.
शाळेच्या प्रार्थनेला राहतात तसे, मी म्हटलं.
तो हसला नाही.
"तू इंजिनिअर ना? मग पान्हा धर."

मी पान्हा धरला.
चुंबकाची ओढ लोखंडाला असते, निकेलला असते;
पेट्रोलला असलीच तर तिळाएवढी नावड.
ते आपलं नळीतून जातं, कुणाकडे न बघता.
पण सत्तरीच्या माणसाला हे सुट्टीच्या सकाळी कसं सांगायचं?
मिरजेला आमच्या काकांनी नऊ वर्षं चुंबकाचं पाणी प्यायलं.
गुडघे दुखायचे ते दुखतच राहिले,
मूतखडा मात्र परत झाला नाही.
पाणी ते पाणीच.

कार्पेटच्या गिरणीत विल्फ माग जुळवायचा.
वही तिथलीच, लाल कडांची.
या देशात लिटरनं भरायचं, गॅलननं मोजायचं;
मधला भागाकार तो पेन्सिलीने करी,
हातचा घेताना ओठ हलवत.
चुंबकाआधी अडतीस मैल.
चुंबकानंतर बेचाळीस.
कुंपणावरून वही थेट माझ्या नाकाशी.

एकदा त्याच्या शेजारी बसून क्वीन्सबरीचा चढ चढले.
काय ते गाडी चालवणं!
झोपलेल्या मांजराखालून हात काढावा
तसा क्लच सोडायचा.
सिग्नल लाल होणार हे त्याला दोन बसथांबे आधी कळायचं.
टपावरचा रिकामा कॅरिअर उतरवून ठेवलेला,
चाकांत हवा नेमकी,
मागे पांढरी व्हॅन हॉर्न बडवतेय
आणि हा डोळ्यांत तेल घालून काट्याकडे बघतोय.
तेव्हा कळलं, टाकीतलं तेल वाचतंय
ते इथे खर्च होतंय.

ऑक्टोबरात एअर फिल्टर बदलायला त्याने हाक मारली,
आणि मधेच चहा आणायला आत गेला.
चोरी म्हणाल तर चोरी.
दोन स्क्रू. रिकामं निळं खोकं परत जागच्या जागी.
वड्या माझ्या कोटाच्या खिशात,
एकमेकींना चिकटून, किल्ल्यांना चिकटून.
झाकली मूठ घेऊन घरी आले.

नोव्हेंबर : बेचाळीस.
जानेवारी : चाळीस. "थंडी," तो म्हणाला. खरंच थंडी होती.
मार्च : त्रेचाळीस!
कुंपणापलीकडून ओरडलाच.
मी टाळ्या वाजवल्या.
त्यात खोटं काही नव्हतं.

सांगायचं होतं. रोज, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना, सांगायचं होतं.
पण काय, की बाबा रे, ते चार मैल तुझेच,
खोक्याने त्यातला वीतभरही दिलेला नाही?
यावर माणसाने खूश व्हावं की खट्टू?
आणि उद्यापासून तो पुन्हा पहिल्यासारखा,
चढावर, दात खात, पाय दाबून...

एप्रिलात माझ्याकडे राहिलेलं पार्सल न्यायला आला.
फ्रिजवर कौन्सिल टॅक्सचं बिल,
बिलावर दोन काळ्या वड्या.
मी किटलीकडे वळले तेव्हा उशीर झाला होता.
चष्मा कपाळावर चढवून विल्फ वाकला
आणि एका पानाचं बिल त्याने फार वेळ वाचलं.
मग वरची वडी, जरा तिरकी होती ती,
बोटाने सरळ केली.
"कागद चांगला धरतो," म्हणाला.
साखर नको, म्हणाला.

तो निघाल्यावर खिडकी उघडून कान देऊन उभी राहिले.
उताराच्या तोंडाशी पहिला गिअर.
क्लच.
मांजर अजून झोपलेलं.